व्हॉल्यूमखालची डिस्क

हॅनोव्हर, मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

संध्याकाळी लिंडनहून काकांचा फोन. मराठी मंडळाच्या सर्व्हरवर फाइल ठेवता येत नाही, 'रीड-ओन्ली' म्हणतोय. सर्व्हर त्यांच्या तळघरात असतो. मराठी शाळेतल्या मुलांची कवितावाचनं, गणेशोत्सवांचे व्हिडिओ, आणि काकूंनी जुन्नरला जाऊन आपल्या आईकडून म्हणवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, सगळं त्यावर आहे. आजी आता नाहीत, आणि ओव्यांची दुसरी प्रतही नाही.

घरूनच लॉग पाहिला. 'डीएम-३'वर वाचनाच्या चुका. काकांनी विचारलं, "अगं, एफएससीके चालवून टाकू का?" म्हटलं, "काका, आत्ता काहीही चालवू नका. बंद करून ठेवा, उद्या मी येते." फाइलसिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहीत सुटते. खालची डिस्क नीट वाचलीच जात नसेल, तर अर्धवट वाचलेल्यावरून ती चांगल्या नोंदीही खोडते. पुष्कळांचा डेटा डिस्कने नव्हे, या घाईने गेलेला मी पाहिला आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तळघरात तासभर. ४ टीबीच्या तीन डिस्का, एलव्हीएमने एकापुढे एक जोडून केलेलं एकच व्हॉल्यूम. काकांचा प्रश्न रास्त होता: "एकच डिस्क खराब, मग सगळंच का अडलं?" त्यांना म्हटलं, तीन शेतं एकाच सातबाऱ्यावर चढवली आहेत असं समजा. कागदावर एकच क्षेत्र दिसतं, बांध दिसत नाहीत. पाणी नक्की कोणत्या शेतात तुंबलंय हे बघायला शिवारातच उतरावं लागतं.

तर उतरलो. 'डीएम-३' हे लॉजिकल व्हॉल्यूमचं नाव. त्याला ना तबकडी, ना मोटर. बोंब मात्र त्याच्या नावाने उठते. लॉगमध्ये दोन ओळी वर खरा पत्ता होता: डिस्क 'एसडीसी', सेक्टर १,४२,०५,९६,३१२. एलव्हीएम आपल्या माहितीसाठी डिस्कच्या सुरुवातीचे २,०४८ सेक्टर सोडतं. ते वजा केले. उरलेल्याचे ४ एमबीचे तुकडे, म्हणजे एक्स्टेंट. एकात ८,१९२ सेक्टर. भागाकार आला १,७३,४१२, बाकी ३,१६०. मग एलव्हीएस या आज्ञेला डिस्कांचे तपशील विचारले; तो एक्स्टेंट आमच्याच व्हॉल्यूमचा निघाला. हा हिशेब मी वहीतच करते. आकडा हाताखालून गेला की डिस्क ओळखण्यात गफलत होत नाही, आणि या कामात चुकीची डिस्क ओढून काढण्यासारखा घात नाही.

मग डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी स्मार्टसीटीएलने वाचल्या. १९९ क्रमांकाची नोंद शून्य, म्हणजे केबलचा दोष दिसत नाही. १९७, वाचता न आलेले आणि निकाल लागायचे सेक्टर: ४०. काका म्हणाले, "एवढ्या कोट्यवधींत चाळीसच?" पण आकडा लहान म्हणून डिस्क धडधाकट ठरत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या हजारो डिस्कांचा अभ्यास छापला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता बिनचूक डिस्कच्या ३९ पट निघाली. उलट, बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी मुख्य चार नोंदींत काहीच इशारा दिला नव्हता. इशारा मिळाला, हेच आपलं नशीब.

स्मार्टसीटीएल ज्यात येतं ते स्मार्टमॉनटूल्स २००२ मध्ये सुरू केलं ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञाने. तेव्हा ते अमेरिकेत, गुरुत्वीय लहरी शोधायच्या संगणकांच्या डिस्का सांभाळत होते. पुढे ते इथेच, हॅनोव्हरच्या माक्स प्लांक संस्थेत संचालक झाले. १४ सप्टेंबर २०१५ची पहिली लहर आकडेवारीत सर्वांत आधी दिसली ती याच संस्थेत. आता हिंगोली जिल्ह्यातही अशा लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होऊ घातली आहे. आणि एलव्हीएमचा लिनक्सवरचा पहिला कोड १९९८ मध्ये लिहिला तो हाइन्त्स माउएल्सहागेन या जर्मन माणसाने. या मंडळींबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसहून येताना नवी डिस्क घेतली. सेक्टरसंख्या जुनीइतकी किंवा जास्त हवी, एकही कमी चालत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काल रात्री नव्या डिस्कवर प्रत काढायला डीडीरेस्क्यू लावलं. पीव्हीमूव्ह का नाही? वय झालेली पण नीट वाचली जाणारी डिस्क रिकामी करायला ते उत्तम. वाचन अडलं की मात्र तिथेच थांबतं. डीडीरेस्क्यू आधी सोपं ते उचलतं, अवघड जागा नकाशाच्या फाइलीत टिपून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. नकाशा वेगळ्या डिस्कवर ठेवला, म्हणजे वीज गेली तरी तिथून पुढे.

सकाळी पाहिलं तर पाच ठिकाणी प्रत्येकी ४,०९६ बाइट हाती लागले नाहीत. बाकी सगळं आलं. जुनी डिस्क तारेसकट बाहेर काढली आणि मगच सर्व्हर चालू केला. प्रतीत ओळखक्रमांकही उतरतो. दोन्ही एकदम दिसल्या तर एलव्हीएम अडून बसतं. एफएससीके आता, प्रतीवर. किरकोळ दुरुस्त्या निघाल्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

डीबगएफएसला हुकलेला ब्लॉक विचारला की इनोड, म्हणजे फाइलची अंतर्गत नोंद, मिळतो, इनोडवरून फाइलचं नाव. पाचही ब्लॉक एकाच फाइलीचे निघाले. ओव्यांचीच फाइल. काकू काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात होतं, दाबून लहान केलेलं नव्हतं. सेकंदाला १,७६,४०० बाइट. आपले गेले २०,४८०. म्हणजे सेकंदाचा आठवा भागही पुरता नाही. लावून ऐकलं. एका ओवीच्या दुसऱ्या चरणात बारीक खट् होतं, आणि आजींचा आवाज पुढे तसाच चालू राहतो. काकूंनी तो चरण मला म्हणून दाखवला, मी लिहून घेतला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मंडळाने १६ टीबीच्या एका डिस्कचा खर्च मंजूर केला. एलव्हीकन्व्हर्टने व्हॉल्यूमचं रेड-१ केलं, म्हणजे सगळ्याची आरशासारखी दुसरी प्रत. आरसा भरतो आहे, रात्रभर चालेल. डिस्कांवर पाळत ठेवणारं स्मार्टडी दर आठवड्याला लांब चाचणी घेईल आणि १९७ वाढला की काकांना आणि मला मेल करील. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे हे काकांना दोनदा सांगितलं: चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून ओव्यांची फाइल पुण्याला काकूंच्या बहिणीकडेही पाठवली. त्यांचा निरोप आला, उघडली, वाजते आहे.