वराम्याचे दुखणे

शुभवर्तमान वाचताना नौकेच्या ज्या भागाकडे आपले लक्ष सहसा जात नाही, तो भाग म्हणजे वरामा, अर्थात नौकेची मागची बाजू. गालील समुद्रावर वादळ उठले तेव्हा आपला प्रभू वराम्यात उशी घेऊन निजला होता, असे संत मार्क सांगतो. संत पौलाला रोमकडे नेणारे गलबत माल्टा बेटापाशी फुटले, त्याची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आली आहे. खलाशांनी रात्री चार नांगर टाकले ते वराम्यावरून. उजाडल्यावर सुकाणूंच्या दोऱ्या सैल करून गलबत किनाऱ्याकडे हाकारले. नाळ वाळूत रुतली, आणि लाटांच्या माऱ्याने मोडू लागला तो पुन्हा वरामाच. गलबतावरील २७६ माणसे तरली, गलबत मात्र गेले. तेरेखोल नदीकाठच्या आमच्या मासेमार बांधवांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा यंदा कोठे सरकला आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि नाळ टेकली की मार वराम्यावर बसतो हेही.

आजच्या नौकांचा तर सारा जीवच वराम्यात आलेला आहे. पेडण्याच्या किनाऱ्यावर दिसतात त्या बहुतेक होड्यांना मागे लटकविलेले इंजिन असते. ट्रॉलरचे इंजिन पोटात असून त्याचा लांब दांडा तळातून बाहेर निघतो. या दोहोंच्या मधली एक तिसरी तऱ्हा आहे. तिचे इंजिन नौकेच्या आत, अगदी वराम्याला चिकटून बसते आणि पंखा फिरविणारा पाय मात्र वराम्याबाहेर पाण्यात लोंबतो. तिला ‘स्टर्न ड्राइव्ह’ म्हणतात. जिम विन या अमेरिकन अभियंत्याची ही कल्पना. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा या कारखान्याने १९५९ साली ती बाजारात आणली. इंजिनाची गती आडवी बाहेर येते, दातेरी चाकांच्या एका जोडीने खाली वळते, दुसऱ्या जोडीने पुन्हा आडवी होऊन पंख्याला मिळते. या नौकेला निराळे सुकाणू नसते; हा पायच डावी-उजवीकडे वळवून तिला दिशा देतात. सोय मोठी खरी, परंतु तिची किंमतही तेवढीच आहे. पाय निकामी झाला की चाल आणि दिशा दोन्ही एकाच क्षणी हातची जातात.

आमच्या धर्मग्रामातील एका तांडेलाने अशी एक जुनी फायबरची नौका विकत घेतली होती. पावसाळा सरला की पर्यटकांना डॉल्फिन दाखवावयास न्यावे आणि त्यावर दोन मुलांचे शिक्षण निभावावे, असा त्याचा हिशेब होता. पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात ऑक्टोबर महिन्यात नौका थरथरू लागली. शहरातील एका कारखान्याने पंखा वाकला आहे असे सांगून नवा पंखा बसविला आणि पैसे घेतले. पंधरा दिवसांत थरथर परत आली. मग एके संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी, पाच पर्यटक नौकेत असताना मुखाच्या दांड्यावर इंजिन नुसतेच किंचाळले आणि नौका जागची हलेना. शेजारून जाणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून अनर्थ टळला. कारखान्याचे दुसरे निदान आले: पाय संपला, संपूर्ण नवा घ्यावा लागेल. रक्कम लाखांच्या घरात. तांडेल पतसंस्थेचे हमीपत्र घेऊन आमच्याकडे आला. घरचे सोने गहाण टाकूनही पैसे पुरत नव्हते. थोरला मुलगा शिक्षण सोडून तारवटी होण्यास निघाला होता.

आम्ही यंत्रज्ञ नव्हे. परंतु सेमिनरीत तर्कशास्त्राच्या वर्गात कारण आणि निमित्त यांतील भेद आम्हांस पुष्कळ घोकविण्यात आला होता, आणि पंधरा दिवसांत परतलेली थरथर त्या भेदात कोठेतरी बसते असे आम्हांस वाटले. सही करण्यापूर्वी आणखी एका माणसाने पाहावे, एवढेच आम्ही सुचविले.

तो माणूस डिचोली महालातला. तरुणपणी हे मेस्त्री बार्जवर इंजिन सांभाळीत. डिचोलीच्या खाणींचे लोखंडी खनिज भरून बार्जी मांडवीतून मुरगाव बंदरास जात, त्या काळातले ते. खाणी २०१२ साली बंद पडल्या, २०१५ साली पुन्हा चालू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. तेव्हापासून मेस्त्री होड्यांची इंजिने दुरुस्त करतात. डिचोलीतील खाणकाम २०२४ साली काही अंशी सुरू झाले, पण ते काही परत गेले नाहीत. ‘चालत्या बार्जीपेक्षा उभी बार्ज अधिक बिघडते, फादर,’ असे ते म्हणतात, आणि या वाक्यात किती दुःख आहे ते त्यांच्या चेहऱ्यावर कळू देत नाहीत.

मेस्त्रींनी आल्या आल्या हत्यारांची पेटी उघडली नाही. नौका चिऱ्यांच्या कट्ट्यावर ओढून घेतली होती. त्यांनी इंजिनाचा विद्युतप्रवाह तोडला, गिअर मधोमध ठेवला आणि पंखा हाताने सावकाश फिरविला. दांड्याच्या टोकाशी एक चिव्याची काडी स्थिर धरली. दांडा फिरताना टोक काडीला एका बाजूस स्पर्श करी, दुसऱ्या बाजूस दूर जाई. ‘पंखा नव्हे, दांडा वाकला आहे,’ ते म्हणाले. नव्या पंख्याने थरथर का थांबली नाही, हे तेव्हा साऱ्यांच्या ध्यानात आले.

मग इंजिन किंचाळूनही नौका का हलली नाही? पंख्याच्या गाभ्यात रबराचे एक बूच असते. पंखा खडकावर आदळला तर दाते तुटू नयेत म्हणून ते मुद्दाम घसरावे अशी रचना असते. मेस्त्रींनी आतील नळी आणि बाहेरील गाभा यांवर खडूची एकच सरळ रेघ ओढली, भरतीच्या पाण्यात नौका क्षणभर जोराने चालविली आणि पुन्हा पाहिले. रेघेचे दोन तुकडे होऊन एकमेकांपासून दूर गेले होते. नवा म्हणून बसविलेल्या पंख्याचे रबर घसरत होते. एवढ्याशा खडूने लाखाची गोष्ट पुष्कळच खाली आणली.

मेस्त्रींचे समाधान मात्र झाले नव्हते. त्यांनी नौका रात्रभर तशीच उभी ठेवावयास सांगितली. तेलात पाणी शिरले असेल तर ते रात्रीतून खाली बसते आणि सकाळी आधी तेच बाहेर येते. सकाळी खालचा स्क्रू सैल करताच प्रथम थोडे पाणी, मग दुधाळ तेल आले. स्क्रूच्या चुंबकाला राखाडी चिखल चिकटला होता. तो चिमटीत घेऊन मेस्त्रींनी बराच वेळ चोळला. बारीक चिखल ही चाकांची रोजची झीज. कपचे लागले असते तर दाते गेले असे समजावयाचे. कपचे नव्हते. तांडेलाच्या पत्नीने त्या वेळी क्रूसाची खूण केली.

पाणी कोठून आले, ते पंखा काढल्यावर दिसले. दांड्यावर नायलॉनच्या जाळ्याचा धागा गुंडाळून, तापून, वितळून कड्यासारखा घट्ट बसला होता आणि त्याने आतले ऑइल सील कापले होते. वाकलेल्या दांड्याच्या थरथरीने उरलेले काम केले. हा धागा काही परक्याचा नव्हता. फाटलेल्या जाळ्याचे तुकडे मुखापाशी पाण्यात टाकून देण्याची खोड आपल्याच किनाऱ्यावर आहे. प्रवचनात आम्ही यावर दोनदा बोललो आहोत, आणि तिसऱ्यांदा बोलण्याचा आमचा विचार आहे.

येथे मेस्त्रींनी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस फार आवडली. बार्जीचा दांडा जेथे तळातून बाहेर पडतो, तेथे दोरीची भरण घालून पाणी अडवितात. ती भरण इतकी आवळावयाची नसते की एकही थेंब पडू नये. चालत्या बार्जीत तेथून सावकाश थेंब गळलाच पाहिजे, त्यानेच दांडा थंड राहतो. थेंब थांबला तर घाबरावे. या नव्या पायात मात्र एक थेंब आत गेला तरी घाबरावे. एका यंत्राचे आरोग्य ते दुसऱ्याचे दुखणे. कारखान्यातील पोरांना हे कोणी शिकविले नसेल, एवढेच त्यावर ते बोलले. त्यांची निंदा त्यांनी केली नाही.

पंख्यासंबंधी इतिहासात एक गंमत नमूद आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ साली पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पहिला पंखा लाकडी, दोन वेढ्यांच्या मळसूत्रासारखा होता. पुढील वर्षी कालव्यात प्रयोग चालू असता त्याचा अर्धा भाग मोडून पडला आणि नौका थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली. मोडतोडीने शिकविले, पण ते पाहणारे डोळे जागे होते म्हणून.

दुरुस्ती तीन दिवस चालली. वाकलेला दांडा ठोकून सरळ करावा, असा तांडेलाचा आग्रह. ‘एकदा वाकलेला दांडा वाटेत मोडतो, आणि वाट तुझी समुद्रातली आहे रे,’ असे म्हणून मेस्त्रींनी तो बाजूस टाकला. भंगारात निघालेल्या तशाच एका पायातून चांगला दांडा मिळाला. दोन्ही सीले नवी घातली. एकाचे तोंड तेलाकडे, दुसऱ्याचे पाण्याकडे. गंजलेले बेअरिंग बदलले. इंजिनापासून पायाकडे जाणाऱ्या सांध्यावर लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी भाता असतो. त्याच्या घडीत बारीक चीर आढळली, म्हणून तोही नवा बसविला. हा भाता फाटला तर नांगरलेली नौका रात्रीत बुडू शकते, तेव्हा येथे काटकसर नको. तेल भरण्यापूर्वी रिकाम्या पायात पंपाने १० ते १२ पौंडांचा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी फासले. बुडबुडा आला नाही. मग तेल खालच्या भोकातून वर चढविले, वरच्या भोकातून ओसंडेपर्यंत. वरून ओतले असते तर आत हवा कोंडून राहिली असती. मागे लटकविलेले इंजिन वापरणाऱ्यांनीही, भात्याची गोष्ट सोडून, यातील बहुतेक सारे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शेवटी जस्ताचा प्रश्न निघाला. पायावर जस्ताचा एक ओबडधोबड तुकडा बसविलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की त्यांपैकी एक झिजतो. तो मौल्यवान धातू असू नये म्हणून हा तुकडा स्वतः झिजतो. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या तांबे मढविलेल्या जहाजांसाठी ही युक्ती काढली. तांबे वाचले, पण झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरेनासे झाल्यामुळे तळावर शेवाळ आणि शिंपले माजले आणि जहाजे मंदावली. असे असते. आमच्या तांडेलाने नौकेच्या आशीर्वादाच्या दिवशी सारे शोभिवंत दिसावे म्हणून या तुकड्यालाही निळा रंग फासला होता. रंगाखाली जस्त कोरे करकरीत होते आणि शेजारचे ॲल्युमिनियम खाऊन गेले होते. ‘हा तुकडा न झिजलेला दिसला तर आनंद मानू नये,’ मेस्त्री म्हणाले. अर्धा झिजला की बदलावा. रंग कधीच लावू नये. नदीच्या गोड्या पाण्यातच राहणाऱ्या नौकेला मॅग्नेशियमचा आणि मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचा तुकडा अधिक उपयोगी पडतो. आपल्या नदीला पावसाळ्यात गोडे आणि उन्हाळ्यात खारे पाणी असल्यामुळे तांडेलाने त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले. मिस्साबलिदानाचे स्मरण आम्हांस झाले, पण त्या वेळी आम्ही बोललो नाही. ऐकणाऱ्यांचे हात तेलात होते.

एकूण खर्च नव्या पायाच्या किमतीच्या कितीतरी खाली आला. सोने घरीच राहिले. मुलगा सध्या कॉलेजात जातो, आणि सुट्टीत मेस्त्रींच्या हाताखाली डिचोलीस काम शिकतो. दहा दिवस चालविल्यावर तेल पुन्हा तपासावे, अशी मेस्त्रींची अट होती. दहाव्या दिवशी ते स्वतः बसने आले, स्क्रू सैल केला, चार थेंब तळहातावर घेतले आणि उजेडात धरले. तेल निर्मळ होते. त्यांनी हात पुसला, चहा घेतला आणि परतीची बस कधी आहे ते विचारले.