काळ्या मातीतला खांब

वाशिम जिल्ह्यात शेताला तारेचे कुंपण घालायचे, तर आधी काळ्या मातीचा स्वभाव ओळखावा लागतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत खरिपाला सोयाबीन आणि तूर, मागून हरभरा. रानडुकरांचे कळप आणि रोही रात्रीतून उभे वावर साफ करतात. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आसपास काळविटांचीही भर पडते. पूर्वी धुऱ्यावर बोरी-बाभळीच्या काट्या रचून भागत असे. आता सिमेंटचे खांब आणि काटेरी तार किंवा जाळी आली आहे. हा खर्च वर्षानुवर्षे टिकणार की दोन पावसाळ्यांत आडवा होणार, हे जमिनीखालच्या दोन-अडीच फुटांत ठरते.

खांबाला काँक्रीट धरून ठेवते, असा समज आहे. खरे तर धरते ती माती. काँक्रीट खांबाचा पाय रुंद आणि जड करते, एवढेच. त्या पायाला चहूबाजूंनी आवळून ठेवायचे काम मातीचेच असते. मुरमाड किंवा बरड जमिनीत ही पकड बाराही महिने सारखी राहते. काळी भारी जमीन मात्र पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वैशाखात अशा वावरात काँक्रीटच्या गोल पायाभोवती बोट जाईल एवढी फट दिसते आणि खांब हाताने हलतो. थंड देशांत जमिनीतले पाणी गोठून खांब वर ढकलले जातात, म्हणून तिथे गोठणाऱ्या थराच्या खाली खड्डा नेतात. विदर्भात तेच काम फुगणारी माती करते.

म्हणून खड्ड्याचा आकार फार महत्त्वाचा. सब्बलने खणताना खड्डा तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता होत जातो. त्यात ओतलेल्या काँक्रीटला खाली आधार कमी आणि वर पसारा जास्त मिळतो. माती फुगली की ती या पसरट कडेला खालून रेटते आणि खांब दर पावसाळ्यात थोडाथोडा वर येतो. खड्डा उलट्या ठेवलेल्या बादलीसारखा हवा: तोंड अरुंद, तळ रुंद. तळाशी सब्बल तिरपी चालवून बाजू कोरल्या की हा आकार साधतो. खोली निदान दोन फूट; काळ्या थराखाली मुरूम जवळ असेल तर थोडे अधिक खणून तिथवर जावे. काँक्रीट भरण्याआधी तळाची सुटी माती काढून टाकावी, नाहीतर खांब त्या भुसभुशीत थरावर बसून पुढे खचतो.

बहुतेक कुंपणे उन्हाळ्यात होतात, कारण तेव्हा वावर मोकळे असते. पण काळ्या जमिनीला तो काळ सोयीचा नाही. माती टणक असते, ओले काँक्रीट भेगांत शिरते, कोरडी माती त्यातले पाणी ओढून घेते आणि पाणी मारायला विहिरीत पाणी नसते. पावसाळा सरल्यावर, सोयाबीन निघाले की, जमिनीत बेताची ओल असते. धुऱ्यावर काम करायला तोच काळ उत्तम. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर खड्डा आदल्या दिवशी पाण्याने भिजवून ठेवावा.

मालाचा हिशेब सोपा आहे. चौरस आकाराच्या एक एकराचा घेर सुमारे ८३५ फूट. दर १० फुटांवर खांब धरला तर साधारण ८४ खांब लागतात. तोच एकर लांबीला रुंदीच्या चौपट असेल तर घेर १,०४० फुटांवर जातो आणि खांब वीसने वाढतात. एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी या प्रमाणात ५० किलोच्या एका पोत्यात फूटभर रुंद, दोन फूट खोल असे सुमारे चार खड्डे भरतात. तळ कोरला असेल तर थोडे कमी. पोत्यामागे पाणी ३० लिटरच्या वर जाऊ देऊ नये. पातळ माल खड्ड्यात झटकन उतरतो, पण वाळल्यावर कमजोर राहतो. माल थराथराने घालून सळईने ठोकावा, म्हणजे आत पोकळी उरत नाही.

सगळ्यात आधी कोपऱ्याचे खांब उभे करावेत. तारेचा सगळा ताण त्यांच्यावर येतो, म्हणून त्यांचा खड्डा तीन फुटांचा आणि दोन्ही बाजूंना तिरपे टेके हवेत. टेक्यांचे पायही काँक्रीटमध्येच बसवावेत. दोन कोपऱ्यांत दोरी ताणून मधले खांब तिच्या ओळीत घ्यावेत आणि प्रत्येक खांब लगतच्या दोन बाजूंनी ओळंब्यात पाहावा. लोखंडी अँगल असेल तर त्याच्या तळाशी आडवी सळई जोडावी, म्हणजे तो काँक्रीटमधून उपसून येत नाही. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन बोटे वर आणि चहूकडे उतरता ठेवला की पाणी खांबाच्या बुडाशी साचत नाही आणि लोखंड लवकर गंजत नाही.

यानंतर घाई आवरायला हवी. काँक्रीट दुसऱ्या दिवशी हाताला टणक लागते, पण सात दिवसांनी त्याची ताकद पूर्ण ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पोचलेली असते. तेवढे दिवस माथ्यावर ओले बारदान ठेवून पाणी मारावे. त्याआधी तार ताणली तर खांब आणि काँक्रीट यांची पकड सुटते आणि ती पुन्हा जुळत नाही. कोपऱ्यांना दोन आठवडे दिलेले बरे.

पहिला पावसाळा आणि त्यामागचा उन्हाळा ही कुंपणाची परीक्षा. पावसाळ्यानंतर सगळी ओळ चालत पाहावी. वर आलेला खांब ठोकून खाली बसवण्यात अर्थ नाही, तो काढून खड्डा नव्याने कोरावा. उन्हाळ्यात पायाभोवती पडलेल्या फटीत बारीक मुरूम भरून ठोकावा. मातीने भरली तर ती माती पुढच्या पावसात फुगून पुन्हा पायाला रेटते. दोन-तीन वर्षे हे नेमाने केले की पायाभोवती मुरमाचे कडे तयार होते आणि खांब हलायचा थांबतो.