बीचला पाठ करून: राशोलची सेमिनरी

गोव्याची ट्रिप म्हणजे बागा, कलंगुट आणि परत येताना काजूची पाकिटं. आपलं ठरलेलंच असतं! पण पुढच्या वेळी मडगावला उतरलात, तर अर्धा दिवस राशोलसाठी काढा. स्टेशनपासून सात-आठ किलोमीटर. जुआरीच्या बाजूला, शेतांच्या वर, एका टेकाडावर भली थोरली पांढरी इमारत दिसते. तीच सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं कॉलेज.

आधी इथे किल्ला होता. १५२०मध्ये तो विजयनगरकडून पोर्तुगीजांच्या हातात आला. आता त्याची वेस तेवढी ठसठशीत उरलीय, आणि तिच्याखालून बाइक्स बिनधास्त जातात. किल्ल्याच्या आत १६०६मध्ये जेझुइटांनी कॉलेजचा पाया घातला.

आता खरी गंमत. या कॉलेजात छापखाना होता आणि १६१६मध्ये त्यातून फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' बाहेर पडलं. गोऱ्या इंग्रजाने लिहिलेलं, चक्क मराठी ओव्यांमध्ये! दहा हजारांहून जास्त ओव्या, त्यात मराठीचं तोंडभरून कौतुक. देवनागरीचे टाइप नव्हते, म्हणून छापलं रोमन लिपीत. (आपण मोबाइलवर 'kasa ahes' असं टाइप करतो, तेव्हा उगाच अपराधी वाटून घेऊ नका.) १६४०मध्ये त्याचंच कोकणी व्याकरण इथेच छापलं गेलं.

आणि १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायची. ज्या गोव्यात मराठी पुस्तक छापलं, तिथेच हे! 'क्रिस्तपुराणा'च्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. हस्तलिखितांच्या नकलांवर ते तगलं.

इमारत मात्र टिकली. १७५९मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि तीनेक वर्षांत ती धर्मप्रांताची सेमिनरी झाली. १९९४मध्ये इथे ख्रिस्ती कलेचं म्युझियम उघडलं. पुढे ते ओल्ड गोव्याच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये गेलं, त्यामुळे जुन्या गाइडबुकच्या भरवशावर राहू नका. भिंतींवरची चित्रं इथेच आहेत, आणि पोरंही. ती अजून इथे राहतात, शिकतात. म्हणून आधी विचारून जा, आणि आवाज जरा हळू.