आपल्याला काय कळतंय त्यातलं

नौपाडा, ठाणे

चि. मनू,


तुझं पत्र मिळालं. घोडबंदर रोडवरच्या त्या थाई-व्हिएतनामी हॉटेलाचं सगळं वाचलं. पाऊण तास ताटकळणं, करी आल्यावर मागून आलेलं सूप, गार भात, नूडल्सचा गोळा, पाणी तीनदा मागावं लागणं. यातल्या कशाचाही मला राग आला नाही. वाईट हॉटेलं सगळीकडे असतात, तुमच्या डोंबिवलीत असतात तशी आमच्या ठाण्यातही. राग आला तो तुझ्या शेवटच्या ओळीचा. ‘जाऊ दे मामा, आपल्याला काय कळतंय त्यातलं, तिकडे तसंच करत असतील.’ आणि त्याआधी मॅनेजरनं येऊन विचारलं तेव्हा तू चक्क ‘छान होतं’ म्हणालीस! चेकवरची सही एका वेलांटीनं हुकली तरी माणसाला बँकेच्या काउंटरवरून परत पाठवणारी तू.

अगं, तुला कळतं. तुझ्याच पत्रात तू लिहिलंयस की करीला कच्चट वास येत होता आणि पाणी वेगळं दिसत होतं. याहून नेमकं निदान एखाद्या थाई आचाऱ्यानंही केलं नसतं. नारळाचं घट्ट दूध आधी आटवायचं, त्याला तेल सुटलं की त्यात वाटण परतायचं आणि मग पातळ दूध घालायचं, ही त्या करीची रीत. तयार वाटणाचं पाकीट उकळत्या पाण्यात सोडून वर डब्यातलं दूध ओतलं की तू लिहिलंस तेच होतं. कोकणातल्या कुठल्याही घरात वाटण नीट परतलं नाही हे पहिल्या घासाला ओळखतात. पॅड थाईचा आंबटपणा चिंचेचा आणि गोडवा ताडगुळाचा. तुला तो टोमॅटो सॉसचा लागला, म्हणजे बहुधा तो त्याचाच होता. नारळ, चिंच, गूळ, मिरची, कोथिंबीर, गवती चहा, मासळी, भात. यातलं काय आपल्याला परकं आहे? गलांगल किंवा मकरूट लिंबाचं पान आपण ओळखणार नाही हे कबूल. पण गार, कच्चं, चिकट आणि अतिगोड ओळखायला बँकॉकला जाऊन यावं लागत नाही.

दुसरं म्हणजे, ‘तिकडे’ खाणारा मुकाट्यानं खातो हीच समजूत चुकीची आहे. थायलंडमध्ये साध्या नूडल्सच्या दुकानातही टेबलावर चार भांडी मांडलेली असतात: साखर, सुक्या मिरचीची पूड, मिरची घातलेला सिरका आणि माशाचा सॉस. ज्यानं त्यानं आपल्या वाडग्याची चव आपण जुळवायची. व्हिएतनामी फोसोबत लिंबाची फोड, ओली मिरची आणि हिरव्या पाल्याची ताटली ठेवतात ती याचसाठी. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोनं २०२० मध्ये आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, थायलंडच्या टॉम यम कुंग या सूपला २०२४ मध्ये. हॉकर सेंटरमधलं जेवण तर रस्त्यावरच्या गाड्यांवरूनच आत आलेलं. तिथलं गिऱ्हाईक कढईसमोर उभं राहून सांगणारं, नापसंत झालं तर शेजारच्या गाड्यावर जाणारं. मामलेदारची मिसळ आपल्या ठाण्यात टिकली तीही अशाच माणसांमुळे. तिथे बाकावर बसलेला प्रत्येक जण परीक्षक असतो, तर्री जराशी बदलली तरी लगेच बोलतो. माझं म्हणणं एवढंच आहे, मनू, की जेवण बिघडायला सुरुवात होते ती गिऱ्हाईक आपल्या जिभेवरचा भरवसा सोडतं तिथे. वडापावला बोलणारे आपण मंद दिवे आणि जाडजूड मेनूकार्ड दिसलं की अडाणी ठरायच्या भीतीनं गप्प बसतो, आणि मालक त्या गप्प बसण्याचाच धंदा करतो.

तू म्हणशील, मामा, इथल्या जिभेसाठी थोडं बदलावं लागतंच. बदलावं की! मुंबईत १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं असं सांगतात, आणि आज डोंबिवली स्टेशनबाहेरची एकही चायनीजची गाडी त्याच्यावाचून चालत नाही. पण तो बदल गिऱ्हाइकाला काय आवडतं ते पाहून झाला. न परतलेलं वाटण हा बदल नव्हे, तो आळस. दुसरी सबब महागाईची. जिन्नस बाहेरून येतात, घोडबंदर रोडवर जागेचं भाडं जबर, खरंच आहे. मग एवढं जाडजूड मेनूकार्ड कशाला? दहाच पदार्थ ठेवा आणि ते धड करा. परवडत नाही म्हणून माणूस कमी प्रकार करतो. परवडत नाही म्हणून जास्त प्रकार वाईट करायचे, हा हिशोब माझ्या डोक्यात शिरत नाही.

तुझी तिसरी अडचण तुझ्या स्वभावातली आहे. ‘बिचारी पोरं नवीन होती, तक्रार केली तर त्यांची नोकरी जायची.’ तुझं मन चांगलं आहे, पण पत्ता चुकतोय. पदार्थात काय आहे हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नाही, बहुधा चाखायलाही दिलेलं नाही, आणि एकट्याला फार टेबलं सांभाळायला लावलंय. हा दोष त्याला पगार देणाऱ्याचा. तेव्हा बोलायचं मॅनेजरशी, आणि पोराचं नाव न घेता. वर त्या हॉटेलानं बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलं आणि तू ते भरलंस! पाच टक्के जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलंय की ते बिलात आपोआप लावायचं नाही आणि नाव बदलूनही उकळायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. ‘हे काढा’ एवढं म्हणायचं. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्या पोरांना काही द्यावंसं वाटलं तर त्यांच्या हातात दे. आजीच्या पडवीत ग्राहक पंचायतीचं महिन्याचं सामान वाटलं जायचं, तेव्हा वजनाचा काटा तुझ्याच हातात असायचा ना गं? मग आता काय झालं?

आणि ‘एका संध्याकाळचा तर प्रश्न’ असं म्हणू नकोस. आता जे लिहितोय ते लिहितानाच मला धास्ती वाटते. सासूबाईंसाठी तू ‘व्हेज’ ग्रीन करी मागवलीस, आणि त्यात काय असतं हे विचारल्यावर वेटर ‘सगळं व्हेजच आहे मॅडम’ म्हणून निघून गेला. थाई करीच्या वाटणात मूळचीच कोळंबीची पेस्ट असते आणि वर माशाचा सॉस घालतात. चिकन काढून भाज्या घातल्या की ती शाकाहारी होत नाही; वाटणच वेगळं करावं लागतं. त्या हॉटेलानं केलं असेलही. पण ज्या स्वयंपाकघरात चिंचेऐवजी टोमॅटो सॉस चालतो तिथे दोन वाटणं करत असतील का, तूच सांग. सासूबाईंना मात्र यातलं काही बोलू नकोस; त्यांचा चातुर्मास आणि त्यांचा स्वभाव, दोन्ही मला ठाऊक आहेत.

खरी काळजी तुझ्या धाकट्याची. पॅड थाईवर दाण्याचं कूट असतं, सातेसोबतच्या चटणीत शेंगदाणे असतात, आणि त्याला शेंगदाणा चालत नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची माहिती द्यावी असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. पण तुझं हॉटेल एकुलतं एक, तिथे माहितीचा रस्ता म्हणजे तो घाईतला वेटर. त्या दिवशी धाकट्यानं फक्त भात खाल्ला म्हणून निभावलं. यापुढे ‘शेंगदाणा आहे का’ हा प्रश्न आचाऱ्यापर्यंत पोचवायचा, आणि उत्तर घेऊन मॅनेजर स्वतः येईपर्यंत पोराच्या ताटात काही वाढायचं नाही. लोक वळून बघतील, बघू देत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पर्समध्ये असतं, की घरच्या कपाटात? मुदत बघितलीस का त्याची? पत्राचं उत्तर सावकाश दे, पण हे बघून आज रात्रीच फोन कर.

तुझा,
मामा