राब न भाजलेलं वर्ष

आमच्या सामुदायिक शेतावर राब भाजायचा नाही, हा ठराव माझा. मांडला मी, भाषण ठोकलं मी, आणि हात वर करायला लावून मंजूरही मीच करून घेतला. हात वर करणारे सगळे कल्याण-डोंबिवलीचे. त्याच मातीत जन्मभर भात लावत आलेल्या मावशी तेव्हा मागच्या पडवीत आमची भांडी घासत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. ठराव माझा म्हणजे विचारायचं काम माझं होतं, पण ते मला सुचलंच नाही.

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ठाणे-रायगडकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात करतात, तिथे उन्हाळ्यात शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचतात, वरून बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. भडकू द्यायचं नाही, धुमसत ठेवायचं. वरच्या थरातलं तणाचं बी भाजून निघतं, राख खताला होते, आणि जमीन अशी भुसभुशीत होते की खणणीच्या वेळी रोप मुळासकट हातात येतं. ही रीत फार जुनी. टहाळासाठी झाडं छाटली जातात म्हणून इंग्रजांच्या वनखात्याने तिच्यावर बंधनं आणली, शेतकरी चिडले, आणि ठाणे-कुलाब्यातल्या जंगलहक्कांची चौकशी करायला 1885 साली सरकारला आयोग नेमावा लागला. एवढा जुना वाद मी एका रविवारी दुपारी चहा व्हायच्या आत निकालात काढला.

माझ्याकडे मुद्दे होते, नाही असं नाही. शेण जाळायचं कशाला, खत करा. झाडं कशाला सोलायची? जमिनीच्या वरच्या बोटभर मातीतले जीव मरतात, त्यांचं काय? हे सगळं खरंही आहे. पण माझा खरा मुद्दा वेगळाच होता आणि तो मी बोलले नाही. माझं घर कल्याणच्या आधारवाडी कचराडेपोच्या वाऱ्यावर. डम्पिंग पेटलं की खिडक्या लावून बसायचो, वाळत घातलेल्या कपड्यांना तो वास लागायचा. गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत करायला लागले तीही त्या धुराला कंटाळून. त्यामुळे जाळणं म्हणजे पाप, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं. कचऱ्याचा डोंगर जळणं आणि शेणपाल्याचा वाफा धुमसणं यात फरक असू शकतो, हे मनात आलंच नाही.

शेत मुरबाडच्या पुढे. कल्याणहून एसटीने शहाड, म्हारळ, कांबा करत रायत्याचा उल्हासवरचा पूल ओलांडायचा, गोवेली मागे टाकायची, मुरबाडला गाडी बदलायची आणि टोकावड्याच्या बाजूला उतरून चालायचं. जमीन आमच्यातल्या एकाच्या नावावर, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63. बाकीचे आम्ही वर्गणी भरणारे. सामुदायिक मालकीवर तासन्‌तास बोलायचो आणि सातबाऱ्यावर बाकी कुणाचंच नाव नव्हतं, तो भाग सोडा. नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा काढून मी तिथे राहायला गेले होते, त्यामुळे शनिवार-रविवारच्या मंडळींपेक्षा माझा शब्द जड. तो मी वापरला.

मृगाचा पाऊस पडला, पेरलं. दहा-बारा दिवसांत वाफे हिरवेगार. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले: बघा, न जाळता! मावशी वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या, दोन रोपं उपटून माझ्या तळव्यावर ठेवली. मला दोन्ही सारखीच दिसली. त्यांनी नखाने पान मागे वाकवलं. पान जिथे खोडाला मिळतं तिथे भाताला पातळ, पांढरट जीभ असते. दुसऱ्याला तिथे काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत.

"ह्यो भात. ह्यो पाखड. आता तुमीच मोजा, ताई."

मोजायची गरज नव्हती. फोटोतला निम्म्याहून जास्त हिरवा रंग पाखडाचा होता, आणि खालून लव्हाळा वर येत होता.

तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण आता सुधारायचं म्हणून मी पुढच्या रविवारी कल्याणहून आलेल्या पोरापोरींना वाफ्यात उतरवलं. पान कसं वाकवायचं ते मी शिकवलं. मी शिकून आठवडा झाला नव्हता. उत्साहाने सगळ्यांनी उपटलं. भात किती आणि पाखड किती हे बांधावरच्या ढिगात दिसत होतं. जे उरलं तेही न भाजलेल्या जमिनीत घट्ट बसलेलं, खणणीला ओढलं की मुळं तुटायची. रोप कमी पडलं. शेजारच्या वाडीतल्या ज्या घरांची लावणी आधी उरकली त्यांच्या वाफ्यात शिल्लक राहिलेलं रोप आम्ही मागून आणलं. भाताचं रोप साधारण तीन आठवड्यांचं, फार तर पंचवीस दिवसांचं लावावं. आम्ही लावलं ते जून झालेलं. फुटवे कमी, लोंब्या लहान. पीक किती आलं ते सांगत नाही, पण कोठी मोठी वाटत होती.

जपानी शेतकरी फुकुओकांचं पुस्तक माझ्या पिशवीत असायचं. काही न करण्याची शेती म्हणून आपल्याकडे ते वाचलं जातं, मीही तसंच वाचलं. त्याच पुस्तकात त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली आहे. तरुणपणी वडिलांच्या संत्र्यांच्या बागेची छाटणी त्यांनी एकदम थांबवली, निसर्गावर सोडलं, तर फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि झाडं गेली. वर्षानुवर्षं छाटलेलं झाड मध्येच सोडून देणं म्हणजे नैसर्गिक शेती नव्हे, ती नुसती टाकून दिलेली बाग, हे ते तिथेच कबूल करतात. पान मी वाचलं होतं. पेन्सिलीची खूणही आहे. आपली गोष्ट म्हणून नाही वाचलं, एवढंच. तसंच कर्जत तालुक्यातल्या वनवाडीचं. काही मित्रमंडळींनी 1994 मध्ये मिळून जमीन घेतली, जंगल परत येऊ दिलं आणि तिथल्या झाडांचा उपयोग आसपासच्या आदिवासी जाणत्यांकडून समजून घेतला. त्याबद्दल वाचून मी झाडांची नावं पाठ केली. विचारायची सवय तेवढी घेतली नाही.

आणि राबाला पर्याय नाही असं मुळीच नाही, हे पुढे कळलं तेव्हा जास्त लागलं. गादीवाफे करता येतात, म्हणजे पाणी साठत नाही आणि रोप सहज उपटतं. भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळता येते, डॉ. ना. के. सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत ती आहेच. पहिल्या पावसावर तण उगवू द्यायचं, ते मोडायचं आणि मग पेरायचं, हेही जमतं. पण यातली प्रत्येक गोष्ट आधी करून ठेवावी लागते. तूस आदल्या हंगामात साठवावं लागतं. मी फक्त एक काम बंद केलं आणि त्याच्या जागी एक तत्त्व ठेवलं.

शेतातली आणखी एक चूक जीवामृताची. हे पातळ खत थोडक्यात असं: दोनशे लिटरच्या पिंपात पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, वर गोणपाट, दिवसातून दोनदा ढवळायचं, आठवड्याभरात वापरायचं. मी पिंप उन्हात ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि कल्याणला गेले. परत आल्यावर जे झाकण उघडलं त्याचं वर्णन मासिकात छापण्याजोगं नाही.

शेतीतल्या चुका निदान पिकात दिसतात. एकत्र राहण्यातली माझी चूक फार उशिरा दिसली.

कॉलेजात असताना मी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेले होते, मे महिन्यातल्या त्या आठ दिवसांच्या. बाबा आमट्यांच्या त्या छावणीने मला पुष्कळ दिलं, पण मी तिथून एक चुकीची समजूत उचलून आणली. सामुदायिक जगणं म्हणजे जो तो आपणहून काम करतो, मोजमाप नाही, असं मला वाटायला लागलं. तिथे वेळापत्रक होतं आणि आपल्या ताटात येणारं जेवण कुणीतरी रांधत होतं, हे मी विसरले. आमच्या शेतावर कामाची यादी लावायची सूचना आली तेव्हा मीच विरोध केला. घरात कुणी यादी लावतं का? ज्याला जे दिसेल ते त्याने करावं.

झालं असं, की ज्याला खरकटी भांडी दिसत नव्हती तो सुखी. पुरुष मंडळींना चर खणण्याची फार हौस, फोटोही छान येतात. बायका चुलीपाशी. सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक आले की भाकऱ्या वाढायच्या, मग मावशींना शेतातून आत बोलवायचं. त्यांना रोज मिळायचा तो शेतातल्या कामाचा. दुपारपर्यंत त्या भाकऱ्या थापायच्या, तिकडे बेणणी तशीच पडून राहायची, आणि आम्ही बांधावर बसून श्रमप्रतिष्ठेवर बोलायचो. आलेल्या पाहुण्यांनी दिवसभरात जेवढं काम केलं त्याहून जास्त त्यांच्यासाठी करावं लागायचं. फुकटच्या श्रमाची मजुरी मावशी भरत होत्या.

वाडीत मात्र सावड चालते. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. कागदावर काही नाही, पण दिवस कुणी विसरत नाही. चार दिवस देणं असलेलं घर दोन माणसं दोन दिवस पाठवतं. कुणी तापाने पडलं तर बदली माणूस येतं. आमची लावणी रखडली तेव्हा वाडी आमच्या खाचरात उतरली, भर पावसात, इरली-प्लास्टिक पांघरून. मी भारावून गेले. सगळ्यांना शिरा केला, आभाराचं भाषण केलं. ती सावड आहे, तिचे दिवस आता आपल्याला फेडायचे आहेत, हे मला कळलं नव्हतं असं म्हणायला मोह होतो. कळलं होतं. मावशींनी सांगितलंही होतं, अमक्या घरची लावणी या दिवशी, तमक्याची त्या दिवशी.

त्याच सुमारास मी कपडे-औषधं आणायला कल्याणला आले. पाऊस लागला, उल्हासला पाणी आलं, रायत्याचा पूल बंद झाला. पूल एक दिवस बंद होता. मी आठवडाभर घरी राहिले. गरम पाणी होतं, कोरडी गादी होती, आणि फोनवर सगळ्यांना पूल सांगता येत होता. बाकीच्या मंडळींनीही आपापले पूल शोधले.

दसऱ्याच्या आगेमागे मावशींची सून बोलता बोलता म्हणाली, तेव्हा समजलं. आमच्या नावचे दिवस त्या दोघी जाऊन भरून आल्या होत्या. त्यांची स्वतःची लावणी त्यामुळे मागे पडली. ताईंची माणसं येणार, असा शब्द मावशींनी वाडीत दिला होता, आणि शब्द पडू द्यायचा नव्हता.

मी घाईघाईने पैसे घेऊन गेले. तेवढ्या दिवसांचा दोघींचा रोज, वर थोडे. मावशींनी घेतले. ओढणं-ढकलणं काही नाही, नीट मोजले, कनवटीला लावले.

"मजुरी झाली," त्या म्हणाल्या. "दिस कवा देणार?"

पुढच्या वर्षी अर्ध्या वाफ्यांत राब भाजला, अर्ध्यांत तुसाची राख घालून गादीवाफे केले. कुठले अर्धे, हे मावशींनी ठरवलं. राखेचं रोप बरं आलं, पण खणणीला राबाचंच सोपं गेलं, असं त्यांचं मत. मला फरक फारसा कळला नाही. चुलीशेजारी कामाची यादी लागली आणि भाकऱ्यांचा रोज वेगळा धरायला लागलो. रजा संपल्यावर मी नोकरीवर परत आले, तरी लावणीला जाते. दिवस फेडतेय. माझा हात इतका हळू चालतो की वाडी माझा एक दिवस अर्धा धरते. त्या हिशोबाने अजून बाकी आहे, यंदाच्या लावणीत फिटेल असं सुनेचं म्हणणं आहे. रोपाच्या वाफ्यात तण काढायला मात्र मला अजून कुणी बोलवत नाही.