डाख की खाच?

बंगळूरूच्या एस. पी. रोडवर जुन्या संगणकांच्या ढिगातून वस्तू उचलावी, उलटी करून पाहावी आणि मग भाव विचारावा, असा रिवाज आहे. उत्तर कर्नाटकातील एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने २०२५ च्या उन्हाळ्यात तेथून सात काळ्या पेट्या आणल्या. चार मोठ्या, तीन अगदी तळहाताएवढ्या. सातही पेट्यांवर एकच बिल्ला चिकटवलेला होता. तो कोणा संगणक-उत्पादकाचा नव्हता, कार्यालयांना यंत्रे भाड्याने पुरवणाऱ्या एका संस्थेचा होता. दुकानदारास त्यापलीकडे माहिती नव्हती, आणि असली तरी त्याने ती सांगितली नाही.

विभागाला त्या वर्षी मिळालेली रक्कम एका बऱ्या लॅपटॉपपुरती होती. तिसऱ्या वर्षाच्या आठ विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी चांद्रयान-२ वरील ‘एक्सएसएम’ या सौर क्ष-किरण मापकाची निरीक्षणे हवी होती. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने घडवलेले हे उपकरण सप्टेंबर २०१९ पासून सूर्याकडे पाहत आहे; १ ते १५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यातला वर्णपट ते दर सेकंदाला नोंदवते. ही सामग्री इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नोंदणी करणाऱ्या कोणालाही विनामूल्य मिळते. सौरज्वालेचा आलेख काढायला महासंगणक लागत नाही, पायथन चालवणारे आणि मध्येच गुदमरून न पडणारे यंत्र पुरते. प्रयोगशाळेतील जुने संगणक नेमके तेथेच गुदमरत होते. पेट्या फसव्या निघाल्या असत्या, तर पैसेही गेले असते आणि प्रकल्प दुसऱ्यांच्या आलेखांवरून लिहावे लागले असते.

थिन क्लायंट या नावातील ‘थिन’ म्हणजे पातळ हे विशेषण यंत्राच्या अंगकाठीला नाही, त्याच्यावर टाकलेल्या कामाला आहे. खरे गणित दूरच्या सर्व्हरवर चालते. टेबलावरची पेटी कळफलकाचे ठोके तिकडे पाठवते आणि तिकडून आलेले चित्र पडद्यावर मांडते. रेल्वेच्या आरक्षण-खिडक्यांमागे एकेकाळी जे अक्षरी टर्मिनल दिसत, त्यांचाच हा वंश. वाइज ही कॅलिफोर्नियातील कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली, ती अशा टर्मिनलांसाठीच नावाजली, पुढे थिन क्लायंटकडे वळली, आणि २०१२ मध्ये डेलने ती विकत घेतली. त्यामुळे या कुळातील यंत्रांवर आधीच दोन नावे असतात. येथे तिसरे वर चिकटले होते.

बिल्ला नखाने सुटला नाही. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब दिल्यावर सुटला. खाली डेलचे चिन्ह होते. तरीही झाकणावरच्या नावावर विसंबणे बरे नव्हे. तळाच्या नियामक लेबलावर छापलेला संकेत अधिक खरे बोलतो: मोठ्या पेट्यांवर ‘एन११डी’, लहानांवर ‘एन१०डी’. पहिला संकेत वाइज ५०७० चा, दुसरा वाइज ३०४० चा. लेबल खरवडलेले असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्यावी. प्रोसेसर आपले नाव लपवत नाही. बायोसला पासवर्ड होता. वाइजच्या यंत्रांचा कारखान्याने दिलेला पासवर्ड डेलच्या कागदपत्रांत उघड छापलेला आहे आणि भाडेपुरवठादारांनी तो बदलण्याची तसदी क्वचितच घेतलेली असते. तोच चालला.

५०७० हे २०१८ चे यंत्र. या चारांत इंटेलचा पेंटियम सिल्व्हर जे५००५ निघाला: चार गाभे, मूळ वेग १.५ गिगाहर्ट्‌झ, गरजेपुरता २.८ पर्यंत चढणारा, उष्णतेचे अंदाजपत्रक अवघे १० वॅट. पंखा नाही, म्हणून आवाज नाही, आणि धूळ ओढून घेणारे तोंडही नाही. तीन डिस्प्लेपोर्ट होते. सेलेरॉन जे४१०५ असलेल्या याच यंत्रात दोनच असतात, तेव्हा दुकानात उभ्याउभ्या प्रोसेसर ओळखण्याची ती एक खूण समजावी. याच नावाचा एक जाडसर भाऊ, ‘एक्स्टेंडेड’, ग्राफिक्स किंवा जादा नेटवर्क कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेसची खाच घेऊन येतो. तो या ढिगात नव्हता.

झाकण सरकवल्यावर जे दिसले, त्यावर सगळा व्यवहार अवलंबून होता. मेमरीसाठी लॅपटॉपी मापाच्या, डीडीआर४ च्या दोन खाचा. साठवणीसाठी १६ जीबीची ईएमएमसी चिप बोर्डावर डाखलेली, पण शेजारी एम.२ ची एक खाच रिकामी. वाय-फाय कार्डासाठी आणखी एक छोटी खाच. कारखान्यातून आली तेव्हा प्रत्येक पेटीत ४ जीबीची एकच पट्टी होती. दूरच्या सर्व्हरचे चित्र दाखवायला तेवढी पुरत असे.

इंटेलच्या तपशीलपत्रात या प्रोसेसरला कमाल ८ जीबी मेमरी लिहिली आहे. प्रत्यक्षात ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या तर यंत्र १६ जीबी मोजते, आणि याहून मोठ्या पट्ट्या चालवणारेही पुष्कळ आहेत. तपशीलपत्राची मर्यादा आणि सिलिकॉनची मर्यादा एकच असते असे नाही, हे विद्यार्थ्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. साठवणीच्या बाबतीत मात्र प्राध्यापिकेची चूक झाली. एम.२ हे खाचेच्या आकाराचे नाव. आत वाहणारी भाषा साटा असू शकते किंवा एनव्हीएमई. ५०७० च्या त्या खाचेला साटाच समजते. आधी मागवलेली एनव्हीएमईची वेगवान पट्टी निरुपयोगी ठरून परत गेली आणि एम.२ साटाच्या, आता बाजारात विरळ झालेल्या पट्ट्या शोधण्यात दोन आठवडे मोडले.

एवढे झाल्यावर दोन पेट्या पूर्ण सज्ज झाल्या. उरलेल्या दोघींची मेमरी दिवाळीत घेऊ, असे ठरले. तो हिशेब फसला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी इतकी वर नेली, की २०२५ च्या उत्तरार्धात डीडीआर४ च्या पट्ट्यांचे भावही झपाट्याने चढले. अमेरिकेतल्या सर्व्हरांची भूक तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेच्या पाकिटापर्यंत पोहोचायला काही महिनेच लागले. शेवटी एका यंत्रापुरत्याच पट्ट्या घेतल्या. चौथे ४ जीबीवर राहिले.

या यंत्राचे गुण सांगताना उणीव झाकू नये. जे५००५ ला एव्हीएक्स हा सूचनासंच नाही. नमपाय, अ‍ॅस्ट्रोपाय, आलेख काढण्याची साधने हे सारे नीट चालते; पण टेन्सरफ्लोची तयार आवृत्ती सुरू होताच ‘अवैध सूचना’ म्हणून कोसळते. मशीन लर्निंग शिकायचे म्हणून कोणी हे यंत्र घेत असेल, तर त्याने आधीच थांबावे. दुसरे म्हणजे, पंख्याविना यंत्र आपली उष्णता खोलीतल्या हवेवर सोपवते. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली, की लांबलेल्या गणितात प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. पेटी आडवी न ठेवता स्टँडवर उभी ठेवल्याने थोडा फरक पडला. वीज मात्र ती खरोखर बेताने खाते. काम नसताना ५-६ वॅट. जुना डेस्कटॉप त्याच स्थितीत ४०-५० वॅट घेतो. रोज दुपारी वीज जाणाऱ्या गावात एका इन्व्हर्टरवर प्रयोगशाळा चालू राहते ती या फरकामुळे.

आता त्या तीन लहान पेट्या. वाइज ३०४० मध्ये इंटेलचा अ‍ॅटम एक्स५-झेड८३५० आहे. चार गाभे येथेही आहेत, पण २ जीबी मेमरी बोर्डावर डाखलेली आणि ८ जीबीची साठवण चिपही डाखलेली. खाच म्हणून नाही. झाकण उघडणाऱ्या विद्यार्थ्याने बराच वेळ बोर्ड फिरवून पाहिला, काही निघते का म्हणून. एकच बिल्ला, एकच कूळ, ढिगात एकच भाव. पण एका बोर्डाच्या आराखड्यात कोणीतरी मेमरीसाठी दोन खाचा ठेवल्या आणि दुसऱ्यात त्याच जागी चिपा डाखून टाकल्या. डाखण्यामागे कारणे असतात: जागा वाचते, खर्च वाचतो, सांधा ढिला होत नाही. भाडेकराराच्या मुदतीपुरता विचार केला, तर तो निर्णय चुकीचाही नाही. करार संपल्यानंतरची वर्षे त्या हिशेबात कोणी धरत नाही, एवढेच.

ती वर्षे देशाच्या हिशेबात मात्र येतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात आणि यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकास स्वतंत्र स्थानही देतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली. वस्तू किती सहज दुरुस्त होते हे खरेदीपूर्वी कळावे, हा तिचा हेतू. सुरुवातीचा भर मोबाइल आणि टॅब्लेट यांवर आहे. कार्यालयांतून हजारोंच्या संख्येने बाहेर पडणाऱ्या या पेट्यांचा विचारही त्याच वेळी व्हायला हरकत नव्हती, कारण त्यांच्याबाबत निर्देशांकाचे अर्धे उत्तर झाकण उघडताच मिळते.

तिन्ही ३०४० फेकल्या गेल्या नाहीत. त्यांवर पडद्याविना चालणारे हलके लिनक्स बसवले आणि एकीला गच्चीवरील तापमान-आर्द्रतेचा संवेदक जोडला. ती दर मिनिटाला एक ओळ लिहिते आणि रात्री सगळी फाइल ५०७० कडे पाठवते. दुसरी संवेदकांची वाट पाहत कपाटात आहे. तिसरीचा अ‍ॅडॉप्टर दुकानातच राहिला होता. ३०४० दोन प्रकारांत येते, ५ व्होल्टची आणि १२ व्होल्टची, हे लेबल वाचून कळले तेव्हा घाईने जोडू पाहिलेली १२ व्होल्टची तार विद्यार्थ्याने वेळीच मागे घेतली. पेटी ५ व्होल्टची होती. त्या तिघींच्या झाकणांवर आता पांढऱ्या पट्टीवर पेनाने व्होल्टेज लिहिलेले आहे.