रजिस्टर रद्दीत जाण्याआधी

हॉटेलच्या धंद्यात एक मत इतक्यांदा ऐकू येतं की त्याला कुणी हरकतच घेत नाही: हे काम उभ्यानं शिकायचं, बसून नाही. कांदा चिरायला, आठ जणांच्या टेबलाची ऑर्डर न चुकता घ्यायला, सकाळी चेक-आउटच्या वेळी रिसेप्शनवर उसळलेली गर्दी निस्तरायला पुस्तक कामी येत नाही, हे खरंच आहे. म्हणूनच बीएससी किंवा बीएचएमसीटी झालेली एखादी मुलगी ‘पुढे एमएससी करावं म्हणते’ असं बोलली, की विभागातले ज्येष्ठ तिला सांगतात, दोन वर्षं घालवू नकोस, तेवढ्यात सुपरवायझर होशील. सल्ला आपुलकीचा असतो आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. तरी तो अर्धाच बरोबर आहे, असं माझं मत आहे. हात कामातच तयार होतो, यात वाद नाही. पण त्या कामाबद्दलचे निर्णय ज्या माहितीवर घ्यायचे, ती माहिती कामाच्या रेट्यात कुणाला वाचायला मिळत नाही. ती गोळा करून, शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय लावणं हे पदव्युत्तर शिक्षणाचं खरं काम आहे, आणि ते काम दुसरीकडे कुठे होत नाही.

एक साधा हिशोब करून पाहू. समजा, शंभर खोल्यांचं हॉटेल आहे. बिगर हंगामातला मंगळवार. 4,000 रुपये भाड्यानं 60 खोल्या जातात. सेल्सचा माणूस म्हणतो, भाडं 3,200 करा, 80 खोल्या भरून देतो. उत्पन्न 2,40,000 वरून 2,56,000 वर जातं, ओक्युपन्सी ऐंशी टक्के दिसते आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे खूश होतात. आता त्या वाढीव वीस खोल्यांची न्याहारी, चादरी-टॉवेलांची धुलाई, साबण-शाम्पू, एसीची वीज, गरम पाणी असा खोलीमागे 800 रुपये खर्च धरला, तर वरचे 16,000 तिथेच संपले. बुकिंग साइटचं कमिशन त्यानंतर. पण हिशोब इथेही थांबत नाही. हाउसकीपिंगचा माणूस एका शिफ्टमध्ये चौदा-पंधरा खोल्या नीट करू शकतो. वीस खोल्या वाढल्या म्हणून त्या दिवशी कुणी जादा माणसं बोलावत नाही. त्या हजर असलेल्यांतच वाटल्या जातात. चेक-आउट झालेल्या खोलीत किती काम असतं ते बाहेरच्याला कळत नाही. पलंग पूर्ण उघडा करायचा, गादीवरच्या प्रोटेक्टरला डाग आहे का ते पाहायचं, नवी चादर चारी कोपऱ्यांना घडी घालून ताणून बसवायची, बाथरूमची काच कोरडी पुसायची, जाळीतले केस काढायचे, मिनीबार मोजायचा, किटलीचं झाकण उघडून आत बघायचं. घाई झाली की सगळ्यात आधी राहते ती किटली. मग रात्री पाहुण्याला किटलीत आदल्या पाहुण्याच्या नूडल्स सापडतात, फ्रंट ऑफिसच्या लॉगबुकात तक्रार चढते आणि ड्यूटी मॅनेजर त्याचं भाडं माफ करतो. भाडेकपात रिझर्व्हेशनच्या अहवालात असते, खोल्यांची वाटणी हाउसकीपिंगच्या तक्त्यात, तक्रार लॉगबुकात. तीन विभाग आणि तीन नोंदी, पण त्या एका टेबलावर कधी येत नाहीत. भाडं, कामगाराची पाठ आणि पाहुण्याचा राग ही एकच साखळी आहे, हे शिफ्टमधल्या कुणालाच दिसत नाही. दिसण्यासाठी लागणारी सवड शिफ्ट देत नाही. तीन महिन्यांच्या या तीन नोंदी घेऊन सहा महिने बसणारा विद्यार्थी ते दाखवून देऊ शकतो, आणि तसं दाखवून देणारा प्रबंध कुठल्याही मालकाला फुकट मिळालेली दौलत आहे.

या विषयाचा उगम पाहिला की त्याची व्याप्ती केवढी आहे ते कळतं. हॉटेलचं पहिलं विद्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे 1893 मध्ये निघालं, ते पर्यटकांच्या वाढत्या लोंढ्याला माणसं पुरवण्यासाठी. पण विद्यापीठात हा विषय आला तो वेगळ्या दारानं. अमेरिकेत इथाका इथल्या कॉर्नेल विद्यापीठात हॉवर्ड मीक यांनी 1922 मध्ये हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला, तो गृहविज्ञान शाखेच्या छत्राखाली. आपल्याकडे मुंबईत 1954 मध्ये पहिली संस्था उभी राहिली. आजही मुंबईकर तिला दादर केटरिंग कॉलेज म्हणूनच ओळखतात. ती सुरू केली ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलनं, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं. धान्यटंचाईचा तो काळ. आहे त्या अन्नात लोकांना पौष्टिक आणि परवडणारं जेवण कसं द्यायचं, हा त्या बायकांपुढचा प्रश्न होता. संस्थेच्या लांबलचक नावात हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंगच्या शेजारी ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ आजही आहे, ते त्याच काळाचं. इथाका आणि दादर या दोन गावांचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्हीकडे हा विषय आला तो घर आणि अन्न यांचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांच्या हातून. पंचतारांकित लॉबी नंतर आली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कुणी कुणाला काय खाऊ घालतो, त्यासाठी राबतं कोण, पाणी कुठून येतं, उरलेलं कुठे जातं, हे सगळं या विषयाच्या पायातच आहे.

आणि नेमकं तेच आज पदव्युत्तर पातळीवर पातळ झालं आहे. बऱ्याच ठिकाणी हा अभ्यास म्हणजे हॉटेलच्या मापानं बेतलेला एमबीए झाला आहे: थोडं मार्केटिंग, थोडं फायनान्स, थोडं रेव्हेन्यू मॅनेजमेंट. ही शास्त्रं नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. वर केलेला हिशोब त्यांच्याशिवाय करताच आला नसता, आणि हॉटेलचे हिशोब एका साच्यात मांडण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांनी 1926 मध्ये घालून दिली नसती, तर दोन हॉटेलांची तुलनाही धड करता आली नसती. पण तेवढ्यावर थांबलं की प्रबंध ठरावीक होतात. पाहुण्यांचं समाधान, पाच पर्यायांची प्रश्नावली, ओळखीपाळखीतून भरून घेतलेले शंभर फॉर्म आणि शेवटी ‘सेवेचा दर्जा सुधारावा’ ही शिफारस. ते कपाटात जातात आणि कुणाला त्यांची उणीव भासत नाही. उलट, आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून दाखवून दिलं, की चेहऱ्यावर हसू ठेवणं, राग गिळणं हीसुद्धा मजुरी आहे, तिनं माणूस थकतो, आणि पगाराच्या हिशोबात ती कुठेच धरलेली नसते. बँक्वेटच्या दाराशी पाच तास हात जोडून उभ्या राहिलेल्या कुठल्याही मुलीला हे सांगावं लागत नाही. पण तिचा अनुभव तिच्यापुरता राहिला तर ‘आज फार दमले’ एवढाच राहतो. त्याला नाव मिळालं, मोजमाप मिळालं, की ड्यूटीचा तक्ता बदलण्यासाठी व्यवस्थापकासमोर ठेवता येण्याजोगी गोष्ट तयार होते. अभ्यास अनुभवाच्या वरचढ असतो म्हणून हे घडतं असं नाही. एकीचा अनुभव दहा जणींच्या अनुभवाशी जोडायचं काम मात्र अभ्यासच करतो.

हॉटेलच्या दाराबाहेर पडलं की ही गरज आणखी वाढते, कारण गावाचं लॉगबुक कुणीच ठेवत नाही. रिचर्ड बटलर या भूगोलतज्ज्ञांनी 1980 मध्ये पर्यटनस्थळाचं आयुष्य टप्प्याटप्प्यानं मांडलं. आधी चुकूनमाकून येणारे भटके, मग त्यांना खोली आणि जेवण देणारे गावकरी, मग बाहेरचा पैसा, मग गर्दी, मग साचलेपण. आणि तिथून एक तर घसरण, नाही तर नव्यानं उभारी. गोव्याची किनारपट्टी हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर जगली. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी, त्यांच्यासाठी घरातली खोली रिकामी करून देणारी कुटुंबं, ऐंशीच्या दशकात परदेशी चार्टर विमानं, आणि त्याच दशकात या पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली ‘जागृत गोंयकारांची फौज’ ही संघटना. पाहुण्यांबद्दलचा आनंद हळूहळू उदासीनता, त्रागा आणि वैर यांत कसा बदलत जातो, याची पायरीवार मांडणी डॉक्सी या अभ्यासकानं 1975 मध्येच केली होती. गोव्यातल्या हॉटेलवाल्यांनी ती वाचली असती तर तो विरोध त्यांना अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटला नसता. साताऱ्याजवळच्या कास पठाराचंही असंच. फुलांच्या हंगामात गाड्यांची आणि पायांची गर्दी पठाराला झेपेना, तेव्हा रोज किती माणसं आत सोडायची यावर मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आलं, आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्थेत आल्या. जागेला किती माणसं झेपतात, हा तिथे उपजीविकेचा आणि फुलांचा एकत्र प्रश्न आहे. तो पर्यटनाच्या पदव्युत्तर अभ्यासाइतका कुठल्याच दुसऱ्या विषयाच्या पोटात येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ गावच्या टपरीचा हिशोब करत नाही आणि अर्थतज्ज्ञ फूल ओळखत नाही. हेच मालवण-तारकर्लीला. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात त्याच वेळी घरगुती निवासाच्या खोल्या भरलेल्या असतात. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या की खोल्या रिकाम्या पडतात. एका खोलीमागे रोज किती पाणी लागतं, ते विकत घेतल्यावर यजमानीणबाईंच्या हाती काय उरतं, हा हिशोब वाडीवाडीनं मांडायला बसलेले विद्यार्थी मला तरी पुरेसे दिसत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठ्या नावांचा. मोहनसिंग ओबेरॉय 1922 मध्ये सिमल्याच्या सेसिल हॉटेलात कारकून म्हणून लागले, त्यांनी कुठे एमएससी केलं होतं? विठ्ठल कामतांनी इडली-डोशाच्या धंद्यातून मुंबईच्या विमानतळाजवळ ‘ऑर्किड’ उभं केलं, ते कुठल्या प्रबंधावर? मुद्दा खरा आहे, पण ही उदाहरणं पूर्ण पाहायला हवीत. वीज, पाणी, कचरा, बांधकामाचं साहित्य या सगळ्यांचा पर्यावरणाच्या अंगानं विचार करून ‘ऑर्किड’ उभारलं गेलं. असा विचार रोजच्या शिफ्टमध्ये सुचत नाही, त्यासाठी कामाच्या बाहेर उभं राहून कामाकडे पाहावं लागतं. कामतांना ते जमलं, ते स्वतःच्या बळावर. आणि ओबेरॉयांच्याच उद्योगसमूहानं पुढे स्वतःची शिक्षणसंस्था काढली. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ती आजही चालवते. लाखात एकाला जे आपोआप येतं ते इतरांना शिकवता यावं म्हणूनच शाळा असतात.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि त्यापुढे मी सहज मान हलवून पुढे जाणार नाही. हॉटेलमधला सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, तास लांबलचक असतात आणि कर्ज काढून परदेशी पदवी घेणाऱ्या मुलांच्या घरी त्या कर्जाचा हप्ता वर्षानुवर्षं जात राहतो. केवळ बढती लवकर मिळावी म्हणून कुणी इतका खर्च करणार असेल, तर करू नये. पण इथे एक विसरायला नको. नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंटच्या काही संस्थांमध्ये एमएससी आहे, ग्वाल्हेरची पर्यटन संस्था 1983 पासून आहे आणि तिची एक शाखा गोव्यातही आहे. चांगला अभ्यास करायला सातासमुद्रापार जायलाच हवं असं नाही. उलट ज्याला कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या प्रश्नावर काम करायचं आहे, त्याच्या हाताला परदेशी जाऊन काही लागणार नाही. पुस्तकं परदेशी असतात, ही तक्रारही रास्त आहे. तिच्यावर उपाय एकच: पद्धत त्यांची घ्यावी, उदाहरणं आपली गोळा करावीत. बटलरचा टप्प्यांचा आलेख गोव्यातल्या कॅलंगुटला लागू पडतो का, हे कॅलंगुटला जाऊनच ठरेल. नाही पडला, तर तीही मोलाची नोंद आहे.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. ही पदवी पहिल्या पदवीला चिकटून घेऊ नये. दोन-तीन वर्षं तरी शिफ्ट कराव्यात: केओटी (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) फाडावेत, मध्यरात्रीनंतर नाइट ऑडिटला बसून दिवसाचा हिशोब जुळवावा, बँक्वेट संपल्यावर किती भात टाकला जातो ते पाहावं. ज्याला प्रश्न पडलेला नाही त्याला संशोधनाची पद्धत शिकवून काही होत नाही. ज्याला तो रात्रंदिवस छळतो आहे त्याला ती पद्धत मिळाली की तो थांबत नाही. म्हणून संस्थांनी कामाचा अनुभव असलेल्यांना प्रवेशात प्राधान्य द्यावं, नोकरी करत शिकता येईल असे वर्ग ठेवावेत, आणि प्रबंधासाठी शंभर फॉर्मऐवजी एका हॉटेलचा किंवा एका वाडीचा वर्षभराचा हंगाम मागावा.

प्रवेश घेणाऱ्यांनी फी आणि प्लेसमेंट विचारावी, पण मागच्या पाच वर्षांचे प्रबंधही बघायला मागावेत; ते दाखवायला जी संस्था टाळाटाळ करेल तिथे जाऊ नये. आणि जे आज हॉटेलं चालवतात, घरगुती निवास चालवतात, त्यांना एवढीच विनंती: जुनी लॉगबुकं, खोल्यांच्या वाटणीचे तक्ते, वाया गेलेल्या अन्नाच्या नोंदी वर्षअखेरीला रद्दीवाल्याला देऊ नका. पाहुण्यांची नावं आणि फोन नंबर झाका, आणि बाकीचं सगळं जवळच्या कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांना वाचायला द्या.